संपलेल्या कामाची उजळणी: आठवणीवर विसंबू नका

"मला हे आधीच वाटलं होतं." काम फसलं की ऑफिसात कोणी ना कोणी हे वाक्य बोलतंच. बोलणारा खोटं बोलत नसतो. त्याला खरोखरच तसं आठवत असतं, आणि खरी अडचण तीच आहे.

१९७२ साली अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर निघाले होते. बारूक फिशहॉफ आणि रूथ बेथ या मानसशास्त्रज्ञांनी इस्रायलमधल्या विद्यार्थ्यांना दौऱ्याआधी विचारलं, की निक्सन आणि माओ यांची भेट होण्याची शक्यता किती टक्के? असे बरेच प्रश्न होते. दौरे आटोपल्यावर त्याच विद्यार्थ्यांना सांगितलं, की तेव्हा आपण किती टक्के लिहिले होते ते आठवा. जी गोष्ट घडली असं त्यांना वाटत होतं, तिला आपण जास्त टक्के दिले होते असं बहुतेकांना आठवलं. निकाल कळला की जुनी आठवण त्याला जुळेल अशी बदलते, आणि ज्याची ती आठवण असते त्याला या बदलाचा पत्ताही लागत नाही. पश्चातबुद्धी म्हणतो ती हीच. मानसशास्त्रात तिला 'हाइंडसाइट बायस' असं नाव आहे.

प्रकल्प संपल्यावर टीमने एकत्र बसून उजळणी करायची असेल, तर सगळी तयारी हे लक्षात ठेवूनच करावी लागते. नुसतं गोल बसून "काय चुकलं?" असं विचारलं, तर मिळतो तो निकालाला जुळवून घेतलेला इतिहास. म्हणून बोलण्याआधी कागद हवेत.

दोन-तीन महिन्यांच्या कामासाठी हे कागद जमवायला एका माणसाचा एक दिवस पुरतो. पहिला मंजूर झालेला आराखडा हवा, म्हणजे तारखा बदलण्याआधीचा. मग ईमेल, व्हॉट्सॲप ग्रुपवरचे मेसेज, चलनं, बैठकांच्या नोंदी, खरेदीच्या ऑर्डर. त्यांतून एक लांब कालरेषा बनवायची आणि भिंतीवर लावायची. तिच्यात तीन ओळी असाव्यात. पहिलीत काय ठरलं होतं, दुसरीत काय घडलं, आणि तिसरीत त्या दिवशी कोणाला काय माहीत होतं. ही तिसरी ओळ बहुतेक ठिकाणी गाळली जाते आणि सगळ्यात जास्त माहिती तिच्यातूनच मिळते.

समजा, एका कारखान्यात नवं पॅकिंग मशीन बसवायचं होतं आणि ते नऊ दिवस उशिरा चालू झालं. सगळ्यांच्या तोंडी कारण एकच, 'पुरवठादाराने उशीर केला'. कालरेषेवर मात्र असं दिसतं: १२ तारखेला संध्याकाळी पुरवठादाराचा मेसेज आला, की पाया दिलेल्या मापाप्रमाणे झाला आहे का ते कळवा, मगच मशीन पाठवतो. मेसेज स्टोअरच्या फोनवर आला. स्टोअरवाल्यांना वाटलं, हा प्रश्न सिव्हिलचा, म्हणजे बांधकाम विभागाचा आहे, त्यांनाही गेलाच असेल. सिव्हिलला तो १७ तारखेला कळला. नऊपैकी पाच दिवस इथेच गेले, आणि या पाच दिवसांत कोणीही आळस केलेला नाही. उत्तर देण्याची जबाबदारी कोणाची, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आठवणीवर विसंबून झालेल्या बैठकीत ही गोष्ट कधीच वर आली नसती, कारण १२ ते १७ या काळात कोणालाच काही 'घडल्याचं' आठवत नाही.

आपल्याकडच्या साखर कारखान्यांत गाळप बंद पडलं की किती तास बंद आणि कशामुळे, म्हणजे ऊस नाही, यांत्रिक बिघाड की विजेचा, याची नोंद त्याच पाळीत होते. हंगाम संपल्यावर बोलायला अशी नोंद असणं ही मोठी मिळकत आहे. ज्या कामांत ती आपोआप होत नाही, तिथे रोज संध्याकाळी तीन ओळी लिहिण्याची सवय लावून घ्यावी.

बैठकीची घडी अमेरिकी लष्कराकडून घेता येते. कॅलिफोर्नियातल्या फोर्ट अर्विन इथल्या प्रशिक्षण केंद्रात १९८० च्या दशकात लुटुपुटीच्या लढाया होत. कोणाचा नेम कोणाला लागला हे लेझर यंत्रणेवरून कळे. लढाई संपल्यावर त्या नोंदी समोर ठेवून सगळे बसत. 'आफ्टर ॲक्शन रिव्ह्यू' ही पद्धत तिथे घडली. तिचे प्रश्न चार: काय व्हायला हवं होतं? प्रत्यक्षात काय झालं? फरक का पडला? पुढच्या वेळी काय करायचं? पहिल्या दोन प्रश्नांना मिळून पाव वेळ, 'का'ला पाव वेळ, आणि उरलेला अर्धा चौथ्या प्रश्नाला, ही वाटणी चांगली चालते. नव्वद मिनिटांची बैठक असेल तर चौथ्या प्रश्नाला पंचेचाळीस मिनिटं राखून ठेवा. बहुतेक बैठकांत पहिल्या दोन प्रश्नांवरच तास जातो आणि चौथ्याला उरतात ती शेवटची पाच मिनिटं, तीही लोक उठायच्या बेतात असताना.

काम संपल्यावर एक-दोन आठवड्यांच्या आत बसावं. माणसं पाच ते आठ, आणि ज्यांचे हात प्रत्यक्ष कामाला लागले तेच. चर्चा चालवणारा दुसऱ्या टीममधला असावा. सुरुवातीची दहा मिनिटं कोणीही बोलायचं नाही. प्रत्येकाने चारही प्रश्नांची उत्तरं आपापल्या कागदावर लिहायची. मग सगळ्यात नवीन माणसाने आधी वाचायचं आणि साहेबांनी सगळ्यात शेवटी. साहेब आधी बोलले, की बाकीच्यांच्या कागदावरचं अर्धं तोंडातून बाहेरच येत नाही.

'का' हा प्रश्न अवघड आहे. तो फार लवकर एखाद्या माणसापाशी येऊन थांबतो. इथे नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटर या यानाची चौकशी पाहण्यासारखी आहे. हे यान ११ डिसेंबर १९९८ ला निघालं आणि २३ सप्टेंबर १९९९ ला मंगळाजवळ पोचताच हरवलं. यानाचे छोटे थ्रस्टर पेटले की मिळणारा रेटा जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर पाउंड-सेकंदांत देत होतं, आणि मार्ग मोजणारे तो आकडा न्यूटन-सेकंद समजून वापरत होते. दोन्हींत ४.४५ पटींचा फरक. मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटर अंतरावरून जायचं ठरलेलं यान सुमारे ५७ किलोमीटरवर आलं.

"एकक चुकलं" हे उत्तर खरं आहे, पण चौकशी मंडळ तिथे थांबलं नाही. प्रवास नऊ महिने चालला होता, मग चूक पकडली का गेली नाही? मार्ग मोजणाऱ्यांना आकडे जुळत नसल्याचं जाणवलं होतं. त्यांनी ते अनौपचारिकपणे कळवलं, पण अडचण नोंदवण्याची जी रीतसर पद्धत होती तिच्यात ते कधी गेलं नाही. सॉफ्टवेअरची तपासणी अपुरी होती, माणसं कमी होती. माणसाकडून चूक होणारच. ती पकडणारी जाळी कुठे फाटली होती, हे शोधायचं. आपल्या बैठकीतही "तू हे का केलंस?" याऐवजी "त्या वेळी तुझ्यासमोर काय दिसत होतं?" असं विचारून पाहा. पहिल्या प्रश्नाला बचाव मिळतो, दुसऱ्याला माहिती.

सलग पाच वेळा 'का' विचारण्याची टोयोटाची रीत अनेकांना ठाऊक असते. ती चांगली आहे, फक्त एकच साखळी धरून खाली जाऊ नये. दर पायरीवर "आणखी काय कारण?" हेही विचारावं, कारण मोठा उशीर सहसा दोन-तीन छोट्या गोष्टी एकाच आठवड्यात जुळून आल्याने होतो.

यश मिळालं की पेढे आणि अपयश आलं की मेमो, अशी आपली पद्धत. त्यात यशाची उजळणी राहूनच जाते. श्मुएल एलिस आणि इनबार डेव्हिडी यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिशाशोधनाचा सराव करणारे सैनिक होते. काहींनी सरावानंतर फक्त चुकांची उजळणी केली, काहींनी चुकांबरोबर जमलेल्या गोष्टींचीही. पुढे जास्त सुधारणा दुसऱ्या गटात झाली. हे पटण्यासारखं आहे. जमलेली गोष्ट का जमली हे कळलं नाही, तर पुढच्या वेळी घाईत तीच गाळली जाते. निभावून गेलेले प्रसंगही याच खात्यात येतात: बॅकअप नव्हता पण सर्व्हर बंद पडला नाही, ट्रक उशिरा आला पण क्रेनही उशिरा आली. निकाल चांगला लागला म्हणून त्यांतली जोखीम नाहीशी होत नाही.

एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास केला तेव्हा ज्या टीम चांगल्या समजल्या जात, त्यांच्याकडे चुकांची नोंद जास्त आढळली. तिथे चुका बोलून दाखवायला लोक घाबरत नव्हते. म्हणून उजळणीची कागदपत्रं वार्षिक मूल्यमापनाच्या फाईलला कधीही जोडू नयेत. एकदा जरी तसं झालं, तरी पुढच्या बैठकीत सगळ्यांचं सगळं 'व्यवस्थित' असतं.

आता त्या राखून ठेवलेल्या पंचेचाळीस मिनिटांबद्दल. त्यातून फार तर तीन निर्णय निघावेत. प्रत्येकापुढे एका माणसाचं नाव, एक तारीख, आणि प्रत्यक्षात कोणती वस्तू बदलणार ते लिहायचं, म्हणजे फॉर्म, चेकलिस्ट, करारातलं कलम किंवा सॉफ्टवेअरमधली अट. 'समन्वय वाढवावा' हा निर्णय होत नाही. 'पुरवठादाराच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देणाऱ्याचं नाव खरेदीच्या ऑर्डरवर छापलेलं असेल' हा होतो. तीस दिवसांनी पंधरा मिनिटं भेटून तिन्ही वस्तू डोळ्यांनी बघायच्या. बदललेला फॉर्म हातात आला नाही, तर निर्णय झाला असं धरू नये.

आणखी एक गोष्ट फुकट मिळते ती सोडू नये: अंदाजांचा हिशेब. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा, प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. आपल्या कामातही प्रत्येक मोठ्या टप्प्यापुढे दोन आकडे लिहावेत. उदाहरणार्थ, 'पाया: अंदाज १०, लागले १७. वायरिंग: अंदाज ६, लागले ६.' पाच-सहा प्रकल्पांनंतर कुठल्या टप्प्याचा अंदाज नेहमी चुकतो ते या यादीतच दिसतं. हा कागद संपलेल्या प्रकल्पाच्या फाईलमध्ये ठेवला तर तो पुन्हा कोणी उघडत नाही. पुढच्या प्रकल्पाच्या फाईलचं पहिलं पान म्हणून लावावा. पहिल्या बैठकीत कोणी "पाया दहा दिवसांत होईल" म्हणालं, की आधी ती ओळ मोठ्याने वाचायची आणि मगच तारीख लिहायची.