मातीतून जीवाणुभक्षी विषाणू वेगळा करणे

जीवाणूंच्या पेशींत शिरून वाढणाऱ्या विषाणूंना जीवाणुभक्षी विषाणू किंवा फेज म्हणतात. फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी १९१५ मध्ये आणि फेलिक्स द'हेरेल यांनी १९१७ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, त्यांचा माग काढला. माती हे त्यांचे मोठे भांडार आहे.

आधी यजमान, म्हणजे ज्या जीवाणूत फेज वाढवायचा तो, ठरवावा लागतो. बहुतेक फेज जीवाणूच्या एखाद्याच जातीला, कित्येकदा तिच्या मोजक्या वाणांनाच लागतात. विद्यार्थ्यांच्या प्रयोगांत मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस हा यजमान बराच वापरला जातो. माती द्रव माध्यमात घुसळून गाळ खाली बसवतात आणि वरचा द्रव ०.२२ मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळणीतून गाळतात. बहुतेक जीवाणू गाळणीवर अडकतात, फेज पार होतात. फेज विरळ असतील तर द्रवात यजमान मिसळून त्यांना आधी वाढू देतात. मात्र त्यात झपाट्याने वाढणारा फेज बाकीच्यांना मागे टाकतो. विविधता हवी असेल, तर गाळलेला द्रव थेट वापरणेच बरे.

हा द्रव आणि यजमान कोमट, पातळ अगारमध्ये (थंड झाल्यावर जेलीसारखे गोठणाऱ्या माध्यमात) मिसळून पेट्री बशीतल्या घट्ट अगारवर ओततात. रात्रभरात, संथ यजमान असेल तर एक-दोन दिवसांत, जीवाणूंचा दुधी थर धरतो आणि त्यात फेजने जीवाणू मारलेल्या जागी गोल पारदर्शक ठिपके उमटतात. हेच प्लाक. अगारमधला हवेचा बुडबुडाही असाच दिसतो, म्हणून ठिपक्यातून पुन्हा प्लाक उठल्याशिवाय फेज मिळाला असे मानू नये. गढूळ प्लाक बहुधा सौम्य फेजचा असतो: तो यजमानाला दर वेळी मारत नाही, त्याच्या गुणसूत्रात दडूनही राहतो.

सर्वांत जास्त चिकाटी शुद्धीकरणाला लागते. एकच सुटा प्लाक टोचून, विरल करून पुन्हा पसरवायचा, असे किमान तीनदा. इथे घाई केली, तर पुढे मिळणारा जनुकक्रम दोन फेजांची सरमिसळ निघू शकतो. संख्या प्लाक मोजूनच कळते: दहा लाख पट विरल केलेल्या द्रवाच्या ०.१ मिलीलिटरमधून ८० प्लाक आले, तर मूळ द्रवात दर मिलीलिटरला ८० कोटी संसर्गक्षम फेज आहेत.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फेजचे डोके आणि शेपूट दिसते. एका पेशीतून किती नवे फेज बाहेर पडतात, हे एलिस आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांच्या १९३९ च्या एकटप्पी वाढीच्या प्रयोगाने मोजतात. शेपटीच्या ठेवणीवर आधारलेली जुनी कुळे २०२२ मध्ये अधिकृत वर्गीकरणातून रद्द झाली. आता जनुकक्रमच निर्णायक आहे. त्यातूनच सौम्यपणाची जनुकेही सापडतात. जीवाणूंच्या संसर्गावर उपचार म्हणून फेज द्यायचा असेल, तर ही तपासणी टाळता येत नाही. मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस या जीवाणूच्या संसर्गावर दिलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपचारातील तीन फेजांपैकी दोन मुळात सौम्य होते. त्यांचे दमनकारी जनुक, म्हणजे फेजला यजमानात दडवून ठेवणारे जनुक, काढून टाकल्यावरच ते वापरण्यात आले.