साखरबीट आणि ‘उतारा’ नावाचा गुंता : शिरोळच्या क्षारपड रानाची पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात क्षारपड रानाचा विषय निघाला की साखरबीटचे, म्हणजे ज्याच्या कंदापासून साखर करतात त्या बीटचे, नाव निघतेच. उसाला वर्षानुवर्षे पाणी पाजून मीठ फुटलेली ही शेते. सच्छिद्र पाईप पुरून निचरा केला की काही परत लागवडीखाली येतात, पण तो खर्च प्रत्येकाला झेपत नाही. अशा रानात ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडतो आणि बीट मात्र तग धरते. बीटचा पूर्वज युरोपच्या समुद्रकाठचे रानझुडूप, त्यामुळे खारेपणा त्याच्या रक्तातच आहे. उगवणीचे दिवस तेवढे जपावे लागतात, कारण कोवळे रोप क्षाराला हळवे असते. चार-सहा पाने फुटली की मग ते निभावते. पीक पाच-सहा महिन्यांत रान मोकळे करते आणि आडसाली, म्हणजे दीड वर्षाच्या, उसाच्या निम्म्याहून कमी पाण्यात येते.

हे सगळे खरे आहे आणि दर चर्चेत सांगितलेही जाते. सांगायचा राहतो तो एकच मुद्दा: काढलेला कंद कारखान्याच्या काट्यावर पोचून गाळला जाईपर्यंत त्यातली साखर किती उरते. बीटवरच्या जागतिक संशोधनात वाढ आणि टनेज यांच्या बरोबरीने या प्रश्नावर काम झाले आहे. आपल्याकडे तो कायम शेवटच्या पानावर राहिला.

जुना इतिहास थोडक्यात. बीटच्या कंदात उसाचीच साखर आहे हे १७४७ मध्ये बर्लिनच्या एका रसायनतज्ज्ञाने दाखवले. पुढे त्याच्या शिष्याने सायलेशियात, म्हणजे आजच्या पोलंडमध्ये, १८०१-०२ च्या सुमारास पहिला कारखाना काढला. समुद्रावरच्या नाकेबंदीत उसाची साखर मिळेनाशी झाली तेव्हा, १८११ मध्ये, फ्रान्सच्या सम्राटाने बीटच्या लागवडीचा हुकूमच सोडला. तेव्हाच्या कंदात पाच-सहा टक्के साखर होती. १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये एकेका मातृकंदाच्या रसाची घनता मोजून बियाण्यासाठी कंद निवडण्याची पद्धत सुरू झाली. त्या निवडीवर पिढ्यान्‌पिढ्या काम होऊन आज थंड देशांत कंदातली साखर १६ ते १८ टक्क्यांवर स्थिरावली आहे. एका बीजातून एकच रोप देणारे झाड १९४८ मध्ये अमेरिकेत सापडले. त्याआधी एका बीजगोळ्यातून तीन-चार रोपे उगवत आणि बायका-मुलांना वाकून विरळणी करावी लागे.

कोल्हापूरशी या पिकाचा पहिला संबंध आला तो प्रतिस्पर्धी म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगातली निम्म्याहून अधिक साखर बीटची होती आणि जर्मनी-ऑस्ट्रियाची सरकारी अनुदानावरची स्वस्त साखर मुंबई बंदरात उतरत होती. १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ गुळाच्या व्यापारासाठी वसली, त्याच काळातली ही गोष्ट. १८९९ मध्ये त्या साखरेवर हिंदुस्थानात जादा जकात बसवावी लागली. गुळाला मात्र बीट कधीच पर्याय ठरले नाही आणि ठरणारही नाही. बीटचा कच्चा रस आटवला की त्याला मातकट, उग्र वास येतो. पांढरी साखर होईपर्यंत त्याला तोंड लावता येत नाही. म्हणजे गुऱ्हाळाच्या काहिलीत बीट चालत नाही. त्याला कारखाना हवाच, आणि तोही वेगळ्या यंत्राचा. ऊस चरकातून पिळतात. बीटच्या मात्र पातळ चकत्या करून त्या सुमारे ७० अंशांच्या पाण्यातून फिरवतात आणि साखर पाण्यात उतरवून घेतात.

हे यंत्र उसाच्या कारखान्याला जोडण्याचा प्रयोग आपल्या देशात १९६० च्या दशकाच्या शेवटी राजस्थानात श्रीगंगानगरला झाला. ऊस संपला की एप्रिल-मेमध्ये बीट गाळायचे, अशी कल्पना. उत्तरेत वाण निवडले गेले, हिमालयात बियाणे पिकवले गेले, बंगालमध्ये सुंदरबनच्या खाऱ्या जमिनीत चाचण्या झाल्या. महाराष्ट्रात विषय खऱ्या अर्थाने तापला तो २००० नंतर. एका परदेशी बियाणे कंपनीने उष्ण हवेत येणारे वाण आणले आणि पुणे जिल्ह्यात बीटपासून इथेनॉलचा प्रकल्प उभा राहिला. मराठवाड्यातही लागवडी झाल्या. हेक्टरी ६० ते ८० टनांचे आकडे तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी आहेत. एकरी म्हणाल तर २४ ते ३२ टन, तेही सहा महिन्यांत. कोल्हापूरच्या शेतकऱ्याने लगेच गणित मांडले: सहा महिन्यांचे बीट, वर सोयाबीन, आणि उसाच्या एका पिकाएवढे पैसे.

इथेच एका शब्दाने घोळ घातला. तो शब्द ‘उतारा’.

आपल्याकडे उतारा म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. शंभर किलो ऊस गाळून पोत्यात पडलेली साखर, तीच एफआरपीच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान ऊसदराच्या, हिशेबातली. कोल्हापूरचा उतारा बारा टक्क्यांच्या आसपास, आणि त्याचा जिल्ह्याला अभिमान आहे. त्यामुळे ‘बीटमध्ये १६ टक्के साखर’ असे कानावर पडले की ऐकणारा ते ‘१६ टक्के उतारा’ असेच समजतो. सांगणाऱ्यांनीही तो समज दुरुस्त करण्याची घाई केली नाही. पण ते १६ म्हणजे पोल, रस प्रकाश किती वळवतो हे यंत्रावर बघून मोजलेली कंदातली साखर. उसाची तुलना करायची तर पोलशी पोल लावा किंवा उताऱ्याशी उतारा. दोन वेगळी मापे शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष मला तरी अप्रामाणिक वाटतो.

पोल आणि पोते यांच्यामध्ये मळी, म्हणजे साखर काढून उरलेला काळा पाक, असते. रसातले पोटॅशियम, सोडियम आणि अमिनो नायट्रोजन साखरेचे स्फटिक होऊ देत नाहीत, तेवढी साखर मळीबरोबर निघून जाते. जर्मनीत ब्राउनश्वाइगला यासाठी बसवलेले सूत्र आज युरोपात वापरतात. पोटॅशियम आणि सोडियमची बेरीज गुणिले ०.१२, अमिनो नायट्रोजन गुणिले ०.२४, त्यात ०.४८ मिळवा. ही झाली मळीत अडकणारी साखर, कंदाच्या वजनाच्या टक्क्यांत. घटक मोजायचे ते १०० ग्रॅम कंदामागे मिलिमोलमध्ये. कारखान्यातील इतर घट ०.६ धरतात. समजा एका कंदात पोटॅशियम-सोडियम मिळून ५ आणि नायट्रोजन १.५ आहे. १६ पोलमधून वजा जाता जवळपास १४ टक्के हाती लागतात. दुसऱ्या कंदाची पोलही १६च, पण तिथे पहिला आकडा १० आणि नायट्रोजन ४ आहे. हाती उरतात पावणेतेरा. टनामागे १२ किलो साखरेचा फरक, एकरी २५ टन धरले तर ३०० किलो. दोन्ही कंद पोलच्या तक्त्यात मात्र सारखेच दिसतात.

आता शिरोळकडे परत या. क्षारपड रानातला कंद सोडियम शोषून घेतो, म्हणून तर तो तिथे जगतो. ज्या गुणामुळे बीटची शिफारस होते, तोच गुण साखर मळीत ढकलतो. त्यात आपला युरियाचा हात सढळ. उसाला चालून जाते. बीटला मात्र उशिरा नत्र दिले की ते नवा पाला फेकते, कंदातली साखर पाल्याच्या वाढीला खर्च होते आणि अमिनो नायट्रोजन चढतो. सूत्रात नायट्रोजनचा गुणक सोडियमच्या दुप्पट आहे, हे युरियाचे पोते फोडण्याआधी लक्षात ठेवायला हवे. चाचण्यांच्या निष्कर्षांत टनेज आणि पोल ठळक येतात आणि सोडियम, नायट्रोजनचे रकाने क्वचितच पुढे येतात, ही माझी तक्रार आहे.

तरी एवढे गणित काढणीच्या दिवसाचे झाले. पुढचा भाग साठवणीचा. बीट हे दोन वर्षांचे झाड. पहिल्या वर्षी ते कंदात साखर साठवते ती दुसऱ्या वर्षी फुलण्यासाठी. काढलेला कंद मेलेला नसतो. तो ढिगात श्वास घेतो, जखमा भरून काढतो, संधी मिळाली तर कोंब फेकतो, आणि हे सगळे साखर जाळूनच. युरोपात सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत गाळप चालते, त्यामुळे ढीग शेताच्या कडेला आठवडेच्या आठवडे पडून असतात. थंड हवेत टनामागे दिवसाला साधारण १०० ते २०० ग्रॅम साखर जाते. अमेरिकेच्या उत्तरेकडे तर ढिगात पंख्याने हवा सोडून कंद गोठवून ठेवतात. युरोपातली साखरेची कोटा पद्धत २०१७ मध्ये संपली, हंगाम आणखी लांबले आणि या संशोधनाला नवा जोर आला. कंद किती टणक आहे, यंत्रातून पडताना त्याचे खालचे टोक किती मोडते, त्या जखमेतून बुरशी किती शिरते, याप्रमाणे वाणांची प्रतवारी होऊ लागली. टणक सालीचे वाण ढिगात कमी झिजतात, हे जर्मनीत झालेल्या कामातून पुढे आले आहे.

आपल्या हवेत हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलेले बीट मार्चअखेर ते एप्रिलात तयार होणार. तेव्हा कोल्हापुरात दुपारी पारा ३५ च्या पुढे. दर १० अंशाला श्वसन ढोबळमानाने दुप्पट होते. ५ अंशांवरून ३५ वर गेलो की नुसत्या गणितानेच आठपट. म्हणजे टनामागे रोज किलोभर साखर, आणि कुजीचा हिशेब वेगळा. म्हणून आपल्याकडची शिफारस काढणीनंतर ४८ तासांत गाळपाची आहे. ट्रॅक्टरच्या रांगा दोन-दोन दिवस काट्याबाहेर उभ्या राहतात ते गाव आपलेच आहे. तोडलेला ऊस यार्डात वाळतो तेव्हा वजन घटते आणि नुकसान शेतकऱ्याला निदान काट्यावर दिसते.

बीटमध्ये ते दिसतही नाही. १०० किलो कंदात १६ किलो साखर होती. चार दिवसांत १० किलो पाणी उडाले आणि १ किलो साखर जळाली असे धरा. उरले ८९ किलो, त्यात १५ किलो साखर. पोल मोजली तर येते १६.८५. साखरेचा सोळावा हिस्सा गेला आणि टक्का वाढला! म्हणून साठवणीच्या चाचणीत तोच ढीग आधी आणि नंतर तोलावा लागतो. नुसत्या पोलच्या टक्क्यावरून ‘साठवणीत साखर टिकली’ असे म्हणता येत नाही. शिवाय साठवणीत रॅफिनोज नावाची दुसरी शर्करा वाढू शकते. ती प्रकाश साखरेपेक्षा जास्त वळवते आणि यंत्राला फसवते.

अलीकडे वारे इथेनॉलकडे वळले आहे. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात साखरबीटचे नाव कच्च्या मालात आले. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध आले तेव्हा, पर्याय म्हणून, बीटची चर्चा जिल्ह्यात पुन्हा सुरू झाली. पंजाबात अमृतसरच्या बाजूला एका खासगी कारखान्याने बीटचे गाळप उभे केलेच आहे. इथेनॉलमध्ये उताऱ्याचा गुंता बराचसा सुटतो. स्फटिक करायचेच नसतील तर सोडियमने साखर अडवण्याचा प्रश्न उरत नाही आणि अमिनो नायट्रोजन तर यीस्टचे खाद्यच. उसाच्या रसातून टनाला साधारण ७० लिटर इथेनॉल मिळते, चांगल्या बीटमधून ९० ते १००. शिरोळच्या खाऱ्या कंदाला खरी जागा असलीच तर ती इथे, असे माझे मत आहे. अडचण राहते ती वाफेची, कारण बीटला बगॅस, म्हणजे जाळून वाफ करता येते तो उसासारखा चोथा, नाही. उसाचे बगॅस राखून ठेवावे लागेल किंवा बीट ऊस चालू असतानाच, मार्चच्या आत, गाळावे लागेल. बीटचा उरलेला चोथा मात्र म्हशींना उत्तम, आणि दुधाच्या या जिल्ह्यात त्याला गिऱ्हाईक मिळेल.

ढिगातली श्वसनाची घट इथेनॉललाही चुकत नाही, कारण जळलेल्या साखरेतून काही आंबवता येत नाही. आणि बीटला एफआरपी नाही. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ उसापुरता आहे. दर टनावर ठरणार की साखरेवर, नमुना शेतात घेणार की काट्यावर, आणि काट्याबाहेर उभ्या ट्रॉलीतली दोन दिवसांची घट कोणाच्या खात्यावर, हे पहिल्या लागवडीच्या करारातच लिहावे लागेल.