डिप्रेशनसाठी रोबोट बनवताय? मग तो माणसाला घराबाहेर काढणारा हवा

डिप्रेशनमधल्या माणसाला सोबत म्हणून रोबोट, असं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर गोड आवाजात गप्पा मारणारं, हसऱ्या चेहऱ्याचं काहीतरी येतं. मला वाटतं गडबड तिथूनच सुरू होते. डिप्रेशनमध्ये माणूस सगळाच मंदावतो, झोप बिघडते, भूक जाते, साधं अंघोळीला उठायचं तरी डोंगराएवढं वाटतं, आणि अशा माणसापुढे सकाळी सकाळी कोणी 'गुड मॉर्निंग, आज काय स्पेशल?' करत आलं ना, की त्याला अजूनच एकटं वाटतं.

आता एक बारीकशी गोष्ट बघा. मोबाइलमधला व्हॉइस असिस्टंट आपण बोलायचे थांबलो की जेमतेम सेकंदभर वाट बघतो आणि ठरवून टाकतो की झालं याचं बोलून. पण डिप्रेशनमध्ये बोलणं हळू होतं आणि मधले पॉज लांबतात, हे तर डॉक्टर तपासतानासुद्धा बघतात. 'काल झोप लागली का?' विचारलं की बराच वेळ काहीच नाही, मग 'हो... म्हणजे...' आणि परत शांतता. नेमकं तेव्हाच मशीन मध्ये बोललं की 'सॉरी, मला समजलं नाही, परत सांगा', की संपलं, तो माणूस परत तोंड उघडत नाही. म्हणजे आवाज गोड आहे की नाही हे नंतरचं, आधी त्या रोबोटला गप्प बसून थांबता आलं पाहिजे.

की मुळात बोलूच नये त्याने? जपानमध्ये ताकानोरी शिबाता यांनी १९९३ पासून काम करून 'पारो' बनवला, सीलच्या पिल्लासारखा, पांढरी फर, वजन साधारण २.७ किलो. तो बोलत नाही, कुरवाळलं की हलतो, आवाज करतो, डोळे मिटतो. सीलच का, तर कुत्रा-मांजर लोकांनी जवळून बघितलेलं असतं, त्यामुळे नकली लगेच खटकतं, सील कोणी पाळलेला नसतो म्हणून तुलनाच होत नाही. किती साधा आणि हुशार विचार आहे हा! अमेरिकेच्या एफडीएने २००९ मध्ये त्याला मेडिकल डिव्हाइस म्हणून मान्यताही दिली. पण ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये छापून आलेली एक मोठी ट्रायल आहे, २८ केअर होम्स, डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश असलेले ४१५ वृद्ध, काहींना चालू पारो दिला, काहींना तोच पारो पण सगळं बंद करून, आणि काहींची नेहमीसारखी देखभाल. चालू पारोशी लोक जास्त बोलले, त्याच्याकडे जास्त बघत राहिले, पण बंद पारोच्या तुलनेत फायदा थोडासाच निघाला. ही डिमेन्शियाची माणसं होती, डिप्रेशनला हे जसंच्या तसं लावता येत नाही, तरी मांडीवर काहीतरी मऊ आणि वजनदार असणं यालाच बरीच किंमत आहे असं दिसतं.

आणि आपल्याकडे न बोलणारा रोबोट हवा याचं एक वेगळंच कारण आहे, ते म्हणजे घरं. कोपरखैरणेतल्या वन रूम किचनमध्ये सासूबाई हॉलमध्ये टीव्ही बघतायत, मुलगा तिथेच अभ्यासाला बसलाय, आणि सूनबाईंनी रोबोटला मोठ्याने सांगायचं की मला रोज दुपारी रडू येतं? कसं शक्य आहे! स्पर्शाला, हळू थोपटण्याला उत्तर देणारा असेल तर निदान सगळ्यांसमोर वापरता तरी येईल. फरचं मात्र आपल्याकडे अवघड आहे, जुलैमध्ये खाडीजवळच्या घरात कपाटातल्या शालीला बुरशी येते, तर ह्याचं काय होईल, कव्हर काढून धुता आलं पाहिजे.

पण माझा खरा मुद्दा पुढचा आहे. डिप्रेशनवर बिहेविअरल अॅक्टिव्हेशन नावाची एक पद्धत आहे, १९७० च्या दशकात पीटर लेविनसन यांनी तिची मांडणी केली. माणूस काही करेनासा होतो, म्हणून बरं वाटायचे प्रसंगच कमी होतात, म्हणून तो अजून काही करत नाही, असं ते चक्र. ते तोडायला मूड यायची वाट बघायची नाही, अगदी छोट्या कृतीपासून सुरुवात करायची. इथे रोबोट खरंच उपयोगी पडू शकतो. पडदा उघड. उद्या खाली जाऊन दूध आण. पुढच्या आठवड्यात ठाण्यातल्या तलावपाळीला एक चक्कर, वाशीत राहत असाल तर सागर विहारला, जमलं तर मैत्रिणीला घेऊन. नाही जमलं तर टोमणा नाही, उद्या अजून छोटं काम. अपराधीपणाची भावना हे डिप्रेशनचंच एक लक्षण आहे, त्यामुळे 'तू नव्हतास तर मला करमलं नाही' असलं बोलणारं मशीन मला तरी क्रूर वाटतं.

कंपन्या मात्र माणूस प्रॉडक्टबरोबर किती मिनिटं घालवतो ते मोजतात. इथे बरोब्बर उलटं मोजायला हवं, रोबोट आल्यावर माणसांशी किती बोलणं वाढलं, पाय घराबाहेर किती पडला. कारण जीव फार पटकन जडतो. १९६६ मध्ये एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा हा प्रोग्रॅम आणला, तो बहुतेक वेळा समोरच्याचंच वाक्य प्रश्न करून परत द्यायचा, तर त्यांची सेक्रेटरी त्याच्याशी टाइप करून बोलताना म्हणाली, तुम्ही जरा बाहेर जाता का! आणि जीव जडल्यावर कंपनीच बंद पडली तर? लहान मुलांसाठीच्या मॉक्सी रोबोटचं डिसेंबर २०२४ मध्ये तेच झालं, सगळं कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून, आणि मुलांना समजावायची वेळ आईवडिलांवर आली. आधीच खचलेल्या माणसाबाबतीत हे चालणारच नाही, नेट नसलं, कंपनी नसली तरी रोबोटचं मूळ काम चालू राहिलं पाहिजे.

जीव द्यायचा विचार बोलण्यात आला तर रोबोटने समुपदेशन करायचंच नाही, ताबडतोब माणसाकडे द्यायचं. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्व्हेत डिप्रेशन असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते, त्यांना डॉक्टरपर्यंत नेणं हे रोबोटचं सगळ्यात मोठं काम ठरेल.

अमेरिकेत इंडियाना युनिव्हर्सिटीच्या टीमने डिप्रेशन असलेल्या वृद्धांनाच डिझाइनच्या टेबलावर बसवलं होतं. ठाण्यात हे सहज करता येईल, १९०१ पासूनचं मनोरुग्णालय इथेच आहे, १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था इथेच आहे. ऐरोली-घणसोलीत कोडिंग करणाऱ्या पोरांनी पहिला प्रोटोटाइप बनवायच्या आधी उपचार घेत असलेल्या माणसांना, अर्थात त्यांची तयारी असेल तर, विचारावं की दिवसातली सगळ्यात जड वेळ कोणती, तेव्हा जवळ काय असलेलं चालतं, आवाज चालेल का, आणि घरातल्या कोणाला यातलं काय कळलेलं चालेल.