जिप्सीची कमान ॲक्सलवर चढवताना: घरच्या शेडमध्ये हौद्याची गाडी बांधणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

खोक्यात चार बैठका (ॲक्सलवर वेल्ड करायचे लोखंडी तुकडे, ज्यांवर कमान म्हणजे पाट्यांची स्प्रिंग टेकते), आठ यू-बोल्ट, सोळा नट, चार वरच्या प्लेटा आणि ब्रेकचे तीन लांब होज (पुढे दोन, मागे एक) आहेत. एवढ्या सामानावर जिप्सी साधारण ५ ते साडेपाच इंच वर येते. ग्राइंडर आणि वेल्डिंग मशीन हाताशी असेल तर गाडी उचलण्याचं काम दोन दिवसांत होतं. पुढचे आठ-दहा दिवस स्टिअरिंग, शाफ्ट (गिअरकडून ॲक्सलकडे ताकद नेणारी दांडी) आणि ब्रेक त्या नव्या उंचीला जुळवण्यात जातात. ते राहिलं तर उंच झालेली गाडी मूळच्या गाडीपेक्षा वाईट चालते, म्हणून या पत्रकात बैठकांपेक्षा त्या कामांबद्दल जास्त लिहिलं आहे.

कायद्याचं आधी

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मालकाला परस्पर बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मागचा पत्रा कापून हौदा बसवला की आरसीवरचा बॉडीचा प्रकारही जुळत नाही. म्हणून हे किट आम्ही फक्त खासगी जमीन आणि बंदिस्त ट्रॅकसाठी विकतो. गाडी तिथपर्यंत ट्रेलरवर न्या. ‘गावात कोण विचारतंय’ या हिशेबावर चालवाल, तर अपघातानंतर विमा कंपनी नक्की विचारेल.

पाच इंच खरंच हवेत का?

१९८५ साली आलेल्या जिप्सीला पुढे-मागे दोन्हीकडे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकं एकाच अखंड नळीवर) आणि पाट्यांच्या कमानी आहेत, आणि मूळ रचनेत कमान ॲक्सलच्या खाली असते. ती वर घेतली की कमानीची जाडी आणि ॲक्सलच्या नळीचा व्यास, दोन्ही उंचीत मिळतात. शिवाय यू-बोल्टच्या प्लेटा खडकाला घासायच्या थांबतात.

किंमत मोजावी लागते ती तोलात. रुंद जिप्सीचा पुढचा ट्रॅक (दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर) १३०० मिमी, म्हणजे मध्यापासून चाक ६५० मिमीवर. समजा गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५० मिमीवर आहे. मग कागदावर ती ४५ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडेल. मोठे टायर धरून तोच मध्य १३० मिमीने वर गेला की हा कोन ४० अंशांवर येतो. प्रत्यक्षात कमानी आणि टायर दबतात, त्यामुळे दोन्ही आकडे याहून कमीच निघतात. जुनी अरुंद जिप्सी असेल तर हे किट लावू नका.

चिखल, नाले आणि शेतातली वाट एवढंच काम असेल तर कमान खालीच ठेवून, जास्त वाक असलेल्या नव्या पाट्यांनी मिळणारे २ इंच पुरतात, आणि त्यात शाफ्टला सहसा हात लावावा लागत नाही. आम्ही दोन्ही किट विकतो. दहातल्या सात जणांना दोन इंचांचंच घ्या म्हणून सांगतो.

नुसते लांब शॅकल (कमानीचं टोक चॅसीला जोडणाऱ्या हलत्या पट्ट्या) लावून उंची काढू नका. शॅकल ५० मिमीने वाढवला तर ॲक्सलपाशी निम्मीच, २५ मिमी उंची मिळते. शिवाय जिप्सीचा पुढचा शॅकल कमानीच्या पुढच्या टोकाला असल्यामुळे ॲक्सल पुढे झुकतो, कॅस्टर (चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनचा मागचा झुकाव) कमी होतो आणि स्टिअरिंग सरळ राहायला कुरकुर करतं.

कापण्याआधी मोजणी

हातोडीने चॅसी ठोकत जा. मागच्या शॅकलच्या हँगरपाशी आणि बॉडीच्या माउंटांखाली आवाज खणखणीत यायला हवा. भद्द आवाज आला तर पेटीच्या आत चिखल साचून पत्रा कुजलेला आहे. कोकणातल्या गाड्यांत हे फार दिसतं. अशा चॅसीवर आधी पॅच मारावा लागतो, किट नंतर.

मग गाडी सपाट फरशीवर, टायरांवर उभी असताना चार मापं वहीत लिहा: चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतची उंची (चारही), किंगपिनचा मागे झुकलेला कोन, पिनियनच्या (ॲक्सलमध्ये शाफ्ट जोडतो त्या गिअरच्या) फ्लँजचा कोन, आणि शाफ्टच्या स्लाइडमध्ये (लांबी कमी-जास्त होणाऱ्या सरकत्या जोडात) स्प्लाइन (दातेरी टोक) किती आत आहे ते. जॅकवर टांगलेल्या गाडीची मापं निरुपयोगी, कारण कमान लोंबली की सगळे कोन बदलतात.

नकलचा (चाक वळवणाऱ्या पुढच्या सांध्याचा) गोळाही याच वेळी पुसून बघा. आतलं ग्रीस पातळ, काळपट आणि गिअर ऑइलच्या वासाचं झालं असेल तर ॲक्सलच्या आतलं सील गेलं आहे. नकल उघडायची वेळ आहेच, तेव्हा सील, वायपर आणि किंगपिनचे बेअरिंग आत्ताच बदला. सैल किंगपिनवर मोठे टायर चढवले की ६० च्या आसपास पुढची चाकं थडथडायला लागतात, आणि लोक स्टिअरिंग डँपर बदलत बसतात.

बैठका: आधी टॅक, मग वजन, मग वेल्डिंग

गाडी चॅसीखाली घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या. नुसत्या जॅकवर कधीच खाली शिरू नका. बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि इंजेक्शनवाल्या गाडीत ईसीयूचा प्लगही काढून ठेवा. वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प थेट ॲक्सलच्या नळीवर लावा. तो चॅसीवर लावला तर करंट बेअरिंगमधून फिरतो आणि त्यावर डाग पडतात.

नळीवरचा रंग आणि गंज चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा. बैठकीला दोन्ही बाजूंनी चार छोटे टॅक (तात्पुरते टाके) मारा, कमान आणि यू-बोल्ट हाताने आवळा, गाडी टायरांवर उतरवा, दोन-तीनदा हलवा. आता कोन मोजा.

मागच्या ॲक्सलला पिनियनची फ्लँज आणि ट्रान्सफर केसची (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीची) फ्लँज एकमेकींना समांतर हव्यात. एका अंशाचा फरक चालतो. जोर लागला की पिनियनचं नाक वर उचललं जातं, म्हणून हा फरक ठेवायचाच तर नाक अंशभर खाली ठेवा. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (शाफ्टला वाकू देणाऱ्या सांध्यांचे) कोन सारखे नसतील तर गाडी ठरावीक वेगाला घुमायला लागते आणि काही महिन्यांत क्रॉस जातो.

पुढच्या ॲक्सलला गोची आहे. किंगपिन आणि पिनियन एकाच हाउसिंगला आहेत, त्यामुळे पिनियन जितके अंश वर कराल तितके अंश कॅस्टर जातो. दोन्ही मिळत नाहीत. आमचं मत स्पष्ट आहे: कॅस्टर राखा, ३ ते ५ अंश. पुढच्या चाकांना मोकळे होणारे हब असतील तर टू-व्हीलमध्ये पुढचा शाफ्ट फिरतच नाही, आणि फोर-व्हीलमध्ये वेग कमीच असतो. हब कायमचे जोडलेले असतील तर मात्र शाफ्ट सतत फिरतो, आणि ट्रान्सफर केसच्या टोकाला डबल क्रॉसचा जॉइंट लावावा लागतो.

कोन जमला की वेल्डिंग. रॉड ई-७०१८, कोरडा. पावसाळ्यात उघड्या पुडक्यातला रॉड थेट वापरू नका. ओला रॉड वेल्डमध्ये हायड्रोजन सोडतो आणि तडा दुसऱ्या दिवशी दिसतो. एका वेळी २५ मिमीचाच टाका. एक टाका डाव्या बैठकीला, एक उजव्या, मध्ये हाताला सोसेल इतकं गार होऊ द्या. पाणी मारून गार करू नका. घाईने एका बाजूला सलग लांब टाका ओढला की नळी त्या बाजूला ओढली जाते. डोळ्यांना दिसत नाही, पण ॲक्सल शाफ्ट सीलच्या एकाच कडेला घासतो आणि महिनाभरात ब्रेकच्या ड्रममध्ये तेल उतरतं. जुन्या खालच्या बैठका गाडी चालवून तपासल्यावरच कापा.

यू-बोल्ट नेहमी नवे वापरा. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तितका धरत नाही. नळीखालून घालून नट वरच्या प्लेटवर आणा, म्हणजे आटे खडकापासून वाचतात. किटमधल्या १२ मिमी, ८.८ दर्जाच्या बोल्टला कोरड्या आट्यांवर ७० ते ८० न्यूटन-मीटर, चारही नट आळीपाळीने. सेंटर बोल्टचं डोकं बैठकीच्या भोकात पूर्ण बसलं आहे का ते आवळण्याआधी बघा. ते अर्धवट बसलं तर ॲक्सल तिरका राहतो आणि पहिल्याच चढावर सेंटर बोल्ट तुटतो.

स्टिअरिंग

तक्रारींपैकी बहुतेक इथल्याच असतात. स्टिअरिंगचा पिटमन आर्म (स्टिअरिंगच्या पेटीतून येणारा हात) चॅसीसोबत वर जातो, नकल खालीच राहते, आणि ड्रॅग लिंक (या दोघांना जोडणारी दांडी) तिरकी होते. हिशोब करून बघा. ७०० मिमीची लिंक आडवी असताना चाक ७५ मिमी वर उचललं गेलं तर तिचं आडवं अंतर ४ मिमीने बदलतं. तीच लिंक १३० मिमीने तिरकी झाली असेल तर त्याच खड्ड्यात बदल १० मिमीचा. स्टिअरिंग आर्म १५० मिमीचा धरला तर चाक जवळपास ४ अंश स्वतःहून वळलं. ड्रायव्हरने काहीच केलेलं नसतं.

स्वस्त उपाय म्हणजे झेडसारखी वाकवलेली ड्रॅग लिंक. चालते, पण वाकडी दांडी जोराखाली स्प्रिंगसारखी लवते. ती घ्यायचीच तर भरीव दांडीची घ्या, पाइप वाकवून नाही. चांगला उपाय म्हणजे टाय रॉड (दोन्ही पुढची चाकं जोडणारी दांडी) आणि ड्रॅग लिंक आर्मच्या वरून नेणे. त्यासाठी आर्मचं निमुळतं भोक वरच्या बाजूने रीमरने करून स्लीव्ह बसवावी लागते. हे लेथवाल्याचं काम आहे, हँड ड्रिलचं नाही. आणि काहीही झालं तरी नकल किंवा आर्मवर वेल्डिंग करू नका, ‘थोडंसंच’ही नाही. तिथला तुकडा तुटला तर स्टिअरिंग हातात राहतं आणि चाक मोकळं सुटतं.

टाय रॉड वर गेला की कमान पूर्ण दबल्यावर तो चॅसीला लागतो का ते तपासा. लागत असेल तर बंप स्टॉप (कमान दबण्याची मर्यादा ठरवणारे रबर) तितके खाली आणा. शेवटी टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा मागच्यांपेक्षा जवळ असणं) १ ते ३ मिमी.

शाफ्ट आणि ब्रेक

एक चाक पूर्ण लोंबवा आणि स्लाइड बघा. किमान २५ मिमी स्प्लाइन आत हवी, आणि पूर्ण दबल्यावर २० मिमी मोकळी. कमी पडली तर शाफ्टची नळी वाढवून बॅलन्स करून घ्या. जोडताना दोन्ही टोकांचे कान एका रेषेत हवेत. एक दात चुकला तरी गाडी घुमते.

कमान वर गेल्यावर जोराच्या चढावर मागचा ॲक्सल कमानीला पीळ देतो. मागची चाकं उड्या मारत चढतात ती त्यामुळेच. ॲक्सलवरून चॅसीपर्यंत एक ट्रॅक्शन बार द्या, पण त्याचं पुढचं टोक शॅकलवर ठेवा. घट्ट बोल्टने बांधला तर कमानीची हालचालच अडते आणि ब्रॅकेट फाटतं.

होज बसवल्यावर दोन्ही चाकं पूर्ण लोंबवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवा. होज ताणलेला नको, टायरला घासायला नको. मागच्या ॲक्सलला जोडलेला, वजनाप्रमाणे ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याची दांडी उचललेल्या उंचीइतकी लांबवा. नाहीतर व्हॉल्व्हला गाडी कायम रिकामीच वाटते आणि हौदा भरलेला असतानाही मागचे ब्रेक अर्धेच लागतात.

टायर

मूळच्या २०५/७०-१५ टायरचा व्यास ६६८ मिमी, २३५/७५-१५ चा ७३४. फरक जवळपास १० टक्के: काट्यावर ६० असताना गाडी ६६ ने जाते, आणि पहिला गिअर तितकाच लांब होतो. ३१ इंची टायरला हाच फरक १८ टक्के होतो. तिथे क्राउन-पिनियन (ॲक्सलमधली गिअरची जोडी) बदलल्याशिवाय क्लच टिकत नाही. बदलायचे तर पुढचे-मागचे एकाच रेशोचे. वेगळे रेशो घालून फोर-व्हील टाकली तर काहीतरी तुटेपर्यंतच गाडी चालते.

हौदा

कापाकापीच्या आधी पेट्रोलची टाकी गाडीतून उतरवून शेडबाहेर ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून धोक्याची, कारण आत वाफ असते.

मागचा टब कापला की दाराचे खांब एकटे पडतात. कापण्याआधीच केबिनमागे चॅसीपर्यंत पोचणारा रोल हूप (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा पाइपचा चाप) उभा करा. हौद्याची चौकट ४०×४०×३ च्या चौकोनी पाइपची, रबरी माउंटांवर बोल्टने. चॅसीला थेट वेल्ड केली तर चॅसी पिळताना टाके उकलतात. तळाला ३ मिमीचा चेकर पत्रा दर चौरस मीटरला साधारण २५ किलो भरतो. दीड चौरस मीटरच्या हौद्याला २ मिमीचा साधा पत्रा आणि खाली दोन जास्त आडव्या पट्ट्या दिल्या तर वजन वाचतं आणि काम तेच होतं. फाळक्याच्या बिजागऱ्या बोल्टच्या घ्या. स्टेपनी हौद्यात, केबिनला चिकटून. ती फाळक्यावर टांगली तर चढावर पुढची चाकं हलकी होतात.

पहिली फेरी

पहिले ५० किमी मैदानात, फोर-व्हीलमध्ये टाकून आणि काढून. मग यू-बोल्टचे सोळाही नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा. पाव फेरा फिरणं नेहमीचं आहे, त्याहून जास्त फिरला तर बैठक नीट बसलेली नाही. टाक्यांच्या कडेला रंगात गंजाची केसासारखी रेघ दिसली तर ती भेग समजा. होजवर, टाय रॉडवर आणि चॅसीच्या खालच्या कडेवर घासल्याची चकाकी शोधा. ५०० किमीनंतर हेच पुन्हा. शंका आली तर त्या जागेचा फोटो, शेजारी पट्टी धरून, आम्हाला पाठवा. नुसतं ‘आवाज येतोय’ एवढ्यावरून फोनवर काही सांगता येत नाही.