वंशवृक्षावरचं कलम

तीन-चार पिढ्यांची कहाणी सांगणाऱ्या कादंबरीत दत्तक मूल आलं की मी सावध होऊन वाचू लागते. पुढे कुठेतरी एखादी जन्मखूण सापडते, नाही तर आजोबांसारखं हुबेहूब नाक दिसतं, आणि ‘शेवटी रक्तच बोललं’ असा निकाल लागतो. जनुकशास्त्राचा हिशेब मात्र इतका सरळ नाही.

आई-वडिलांकडून निम्मा-निम्मा डीएनए मिळतो, पण तो मोठमोठ्या तुकड्यांनी येतो. दर पिढीत हे तुकडे नव्याने कापले-जोडले जातात आणि बरेचसे गळून पडतात. दहा पिढ्या मागे वंशवृक्षात १०२४ पूर्वजांच्या जागा असतात. मुलगा की मुलगी ठरवणारी एक्स आणि वाय गुणसूत्रं बाजूला ठेवली, तर इतक्या मागून आपल्यापर्यंत पोचलेले तुकडे सुमारे ६४० भरतात. ते वाटले जातात नशिबाने, त्यामुळे काहींचे दोन-तीन तुकडे येतात आणि निम्म्याहून जास्त पूर्वजांचा एकही येत नाही. मूळ पुरुषापासून बाप-लेकांची अखंड ओळ असेल, तर वाय गुणसूत्र तेवढं हमखास पोचतं. मध्ये एकदा जरी मुलीकडून वंश पुढे गेला, तरी तीही खात्री संपते. मग घराण्याचं नाव लावणाऱ्या सख्ख्या वारसाच्या अंगात त्या मूळ पुरुषाचं काहीच नसू शकतं!

म्हणून जनुकांना काही मोल नाही असं नव्हे. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या ५४० प्रौढांचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. त्यांची अंगकाठी जन्मदात्या आई-वडिलांशी जुळत होती, वाढवणाऱ्यांशी नाही.

पण मायेची रीत? मॉन्ट्रियलमधल्या मायकल मीनी आणि सहकाऱ्यांचा १९९९ सालचा उंदरांवरचा प्रयोग मला या सगळ्यात फार मोलाचा वाटतो. काही उंदरीण-आया पिल्लांना सारख्या चाटतात, गोंजारतात. काही फारसं लक्ष देत नाहीत. संशोधकांनी कमी चाटणाऱ्या आईची पिल्लं जन्मतःच जास्त चाटणाऱ्या आईच्या कुशीत ठेवली. ती पिल्लं धीट झाली. त्यातल्या माद्या स्वतः आया झाल्या, तेव्हा पालक-आईसारख्याच आपल्या पिल्लांना भरपूर चाटू लागल्या. माया करण्याची ही पद्धत पुढच्या पिढीत उतरली ती जनुकांतून नव्हे, जिभेच्या स्पर्शातून.

माणसांत या स्पर्शाच्या जोडीला गोष्टी येतात. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांसाठी २० प्रश्न तयार केले. आई-वडील कुठे भेटले, आजी-आजोबा कुठे वाढले, तुझं नाव कशावरून ठेवलं, हे तुला माहीत आहे का? ज्यांना जास्त उत्तरं ठाऊक होती, त्या मुलांचा आत्मविश्वास जास्त दिसला. गोष्टींमुळेच तो वाढला, असं यातून सिद्ध होत नाही. पण यातली बहुतेक उत्तरं मुलाने स्वतः पाहिलेली नसतात, कुणीतरी सांगितलेली असतात, आणि ती ऐकायला मूल पोटचंच असावं लागत नाही.

त्याच यादीत आणखी एक प्रश्न आहे: तुझ्या जन्माच्या वेळी काय घडलं, ते तुला माहीत आहे का? इथे दत्तक मुलाला दुसऱ्या एका घराची गोष्ट हवी असते. कादंबरीकाराने जन्मखूण शोधण्यापेक्षा या प्रश्नापाशी थांबावं, आणि ही गोष्ट मुलाला कोण, कधी, कोणत्या शब्दांत सांगतं, ते लिहावं.