जॅगच्या पैशातून पोलिसांची साधनसामग्री: अर्ज नेमका कुठे अडतो

अमेरिकेत गावच्या किंवा काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) पोलिसांना रेडिओ, कॅमेरे, बुलेटप्रूफ जाकिटे घ्यायची असली की पहिलं नाव निघतं ते एडवर्ड बर्न मेमोरियल जस्टिस असिस्टन्स ग्रँटचं, म्हणजे ‘जॅग’चं. न्याय विभागाचा ब्युरो ऑफ जस्टिस असिस्टन्स हे फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, अनुदान देतो. रक्कम सूत्राने ठरते आणि गावाला स्वतःचा हिस्सा घालावा लागत नाही. तरीही अर्ज अडकतात.

आधी पात्रता. प्रत्येक राज्याच्या वाट्यातले 60 टक्के राज्य सरकारकडे आणि 40 टक्के थेट स्थानिक संस्थांकडे जातात. स्थानिक वाटा एफबीआयला कळवलेल्या हिंसक गुन्ह्यांच्या आकड्यांवर बेतलेला असतो. तो 10,000 डॉलरच्या खाली आला तर गाव थेट यादीत येतच नाही. अशा गावाने फेडरल पोर्टलवर डोकं आपटू नये, राज्यातल्या जॅग सांभाळणाऱ्या कार्यालयाकडे जावं. यादीत गाव आणि काउंटी ‘डिस्पॅरेट’ (विषम वाट्याची) म्हणून एकत्र दाखवली असतील तर अर्ज एकच जातो, सोबत वाटणीचा करार.

अर्जदार असते नगरपालिका किंवा काउंटी, पोलिस खातं नव्हे. सॅम डॉट गव्ह या फेडरल नोंदणीच्या संकेतस्थळावरचं कायदेशीर नाव, पत्ता आणि यूईआय (संस्थेचा ओळख) क्रमांक अर्जाशी जुळायलाच हवेत. सॅमची नोंदणी दरवर्षी नवी करावी लागते, आणि नावाची पडताळणी अडली तर आठवडे जातात. पोलिस प्रमुखांची सही घेऊन प्रमाणपत्र जोडणं ही नेहमीची चूक. ते अर्जदार स्थानिक शासनाच्या मुख्य कार्यकारी व्यक्तीचं लागतं, म्हणजे बहुतेक ठिकाणी महापौरांचं.

मुदती दोन असतात, हे तर हमखास वाचायचं राहून जातं. आधी ग्रँट्स डॉट गव्हवर एसएफ-424 हा प्राथमिक फॉर्म, मग काही दिवसांनी न्याय विभागाच्या जस्टग्रँट्स पोर्टलवर पूर्ण अर्ज. पहिला टप्पा झाला की ‘सबमिट झालं’ म्हणून फाइल मिटणारे दरवर्षी असतात. त्याहून चिवट अट 30 दिवसांची: अर्ज सादर करण्याच्या किमान 30 दिवस आधी तो कौन्सिलपुढे (गावाच्या निर्वाचित सभेपुढे) ठेवायचा आणि नागरिकांनाही मत मांडायची संधी द्यायची. कौन्सिलची बैठक महिन्यातून एकदाच होत असेल तर हिशेब उलटा, शेवटच्या तारखेपासून मागे मोजावा.

आता खरेदी. वाहनांवर बंदी आहे, पण पोलिस क्रूझर (गस्तीची गाडी) चालते. पोलिसांच्या बोटी आणि हेलिकॉप्टर यांनाही तशीच सूट. बांधकाम आणि चैनीच्या वस्तू बाद. अंदाजपत्रकात ज्यांची तरतूद आधीच आहे ते रेडिओ या पैशातून घेऊन वाचलेली रक्कम दुसरीकडे वळवणं म्हणजे सप्लांटिंग, आणि ते थेट नियमभंग.

रेडिओ आणि कॅमेऱ्यांचं कोटेशन मागवताना उत्पादक कोण ते आधी पाहा. हायटेरा, हिकव्हिजन, दाहुआ या चिनी कंपन्यांची सामग्री फेडरल अनुदानातून घेता येत नाही. दुकानदार दुसऱ्या नावाचं लेबल लावून देतो, म्हणून मॉडेल क्रमांकावरून मूळ उत्पादक तपासा. स्वस्त कोटेशनमध्ये हे फार वेळा निघतं.

जाकिटांचं प्रकरण वेगळं. ती एनआयजेच्या (न्याय विभागाच्या संशोधन संस्थेच्या) मानकांना उतरलेली हवीत, आणि खात्याचं ‘ड्यूटीवर घालणं सक्तीचं’ असं लेखी धोरण हवं. तोंडी आदेश चालत नाही. बुलेटप्रूफ व्हेस्ट पार्टनरशिप ही स्वतंत्र योजना जाकिटाच्या निम्म्यापर्यंत किंमत परत देते, पण उरलेली निम्मी जॅगमधून भरता येत नाही. हे दोन अर्ज एकाच माणसाने पाहिले तर घोळ टळतो. बॉडी कॅमेऱ्यांनाही लेखी धोरणाचं प्रमाणपत्र लागतं.

25,000 डॉलरखालच्या अनुदानाची मुदत साधारण दोन वर्षं, वरच्याची चार. महागड्या साधनांची मोजणी दर दोन वर्षांनी नोंदींशी ताडून पाहायची असते. तिमाही अहवाल चुकला की पैसे काढणंच थांबवलं जातं. तेव्हा पोलिस प्रमुख वित्त विभागाला फोन करतात, आणि वित्त विभाग म्हणतो, अहवाल तुमच्याकडूनच यायचा होता.