सारखेपणा राहू द्या, सारख्या चुका बघा

उत्क्रांतीवर वाद सुरू झाला की एक मुद्दा हमखास येतो. माणसाचा हात, वटवाघळाचा पंख, देवमाशाचा पुढचा पर, सगळ्यांत तीच हाडं त्याच क्रमाने, आधी एक, मग दोन, मग मनगटाची बारीक आणि शेवटी बोटं. आपण म्हणतो, पूर्वज एक होता. सृष्टी देवाने घडवली असं मानणारे म्हणतात, पूर्वज कशाला, घडवणारा एकच होता, सुतार नाही का तोच सांधा दारालाही वापरतो आणि पलंगालाही! हे म्हणणं खुळचट नाहीये, 1840 च्या दशकात रिचर्ड ओवेन या इंग्रज शरीररचनातज्ज्ञाने याच हाडांचा बारकाईने अभ्यास केला तेव्हा त्यालाही त्यात ईश्वरी आराखडाच दिसला होता.

पण हे उत्तर कामाच्या गोष्टींना लागू पडतं. बिघडलेल्या गोष्टींचं काय?

व्हिटॅमिन सी घ्या. बकरी, कुत्रा, उंदीर ते स्वतःच्या लिव्हरमध्ये बनवतात, त्यांना लिंबू-आवळा लागत नाही. आपल्याला लागतो, नाहीतर स्कर्व्ही, म्हणजे हिरड्या सुजून रक्त येण्याचा आजार. 1747 साली जेम्स लिंड या ब्रिटिश आरमारातल्या डॉक्टरने जहाजावरच्या स्कर्व्ही झालेल्या 12 खलाशांना वेगवेगळे उपाय देऊन बघितले, तेव्हा संत्री-लिंबं मिळालेले दोघं सगळ्यात झपाट्याने सुधारले. कारण हे व्हिटॅमिन बनवायच्या शेवटच्या पायरीचं एन्झाइम, म्हणजे ती रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, आपल्यात तयारच होत नाही. आणि तरी त्याचं जीन, म्हणजे ते बनवायची पेशीतली कृती, मात्र आपल्यात आहे, आठव्या क्रोमोसोमवर (जीन्स ज्यावर ओळीने असतात त्या धाग्यावर), बरेच तुकडे गळालेलं, निकामी. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान, इतर माकडं, यांचंही निकामीच. लेमूर आपले जरा लांबचे नातेवाईक, त्यांचं चालू आहे.

जुन्या पोथ्यांचे अभ्यासक हेच करतात, सारख्या चुका शोधतात. दोन पोथ्यांत बिनचूक ओळी सारख्या असल्या तर त्यातून फार काही कळत नाही, पण दोन्हींत तीच ओळ गळालेली असेल तर ती गळालेल्याच पोथीवरून दोघींची नक्कल झाली हे उघड असतं.

यावर विरोधक म्हणतात की जीन मुळात धडधाकट होतं, नंतर प्रत्येक प्राण्यात आपापलं बिघडलं. असं होऊ शकतं, गिनीपिगमध्ये झालंय सुद्धा, पण त्याचं जीन मोडलंय ते वेगळ्या पद्धतीने. आपली आणि चिंपांझीची मोडतोड मात्र एकमेकींशी जुळते. उलट ऑक्टोपसचा डोळा कॅमेऱ्यासारखा, काम आपल्या डोळ्याचंच, पण त्याच्या नसा पडद्याच्या मागून निघतात आणि आपल्या पुढून, म्हणून आपल्याला अंधबिंदू, म्हणजे पडद्यावर काहीच न दिसणारी एक जागा, आहे, त्याला नाही. म्हणजे काम सारखं तिथे बांधणी वेगळी आणि नातं जवळचं तिथे बांधणी सारखी, आणि मला हाच सगळ्यात मोठा पुरावा वाटतो.

2005 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळेचं प्रकरण कोर्टात चाललं, बायॉलॉजीच्या वर्गात ‘इंटेलिजंट डिझाइन’चं, म्हणजे सजीव कुणा बुद्धिमान घडवणाऱ्याने घडवले या मताचं, निवेदन वाचायचं ठरवलं म्हणून 11 पालकांनी केस केली होती. त्यात केनेथ मिलर हे बायॉलॉजीचे प्राध्यापक साक्षीला होते, स्वतः श्रद्धाळू कॅथलिक. त्यांनी सांगितलं, मोठ्या वानरांत क्रोमोसोमच्या 24 जोड्या, आपल्यात 23, मग एक जोडी गेली कुठे? तर आपला दुसरा क्रोमोसोम म्हणजे वानरांतले दोन टोकाला टोक चिकटून झालेला एक. क्रोमोसोमच्या फक्त टोकांना असते ती खूण याच्या पोटात सापडते, शिवाय एक जास्तीचा बंद पडलेला सेंट्रोमिअर, म्हणजे प्रत्येक क्रोमोसोमला एकच असतो तो सांधा. 20 डिसेंबरला निकाल पालकांच्या बाजूने लागला.